पडद्यावरचं नाटक (भाग ६) : राखीव खुर्चीवरचा पाहुणा

गेल्या आठवड्यात आपण ‘वस्त्रहरण’पाशी थांबलो होतो. गंगाराम गवाणकरांच्या त्या नाटकात गावची मंडळी महाभारत करायला उभी राहतात आणि नाटक सोडून बाकी सगळं घडतं. पण तिथल्या तात्या सरपंचाला एवढंच हवं असतं, की प्रयोग कसाबसा पार पडावा. मोठ्या शहरातून कुणी बघायला यावं, ही हाव त्याला नाही. या हावेवरचा सिनेमा अमेरिकेत निघाला, १९९६ साली : ‘वेटिंग फॉर गफमन’.

मिसुरी राज्यातलं ब्लेन नावाचं एक काल्पनिक गाव. गावाला दीडशे वर्षं झाली म्हणून गावाच्या इतिहासावर संगीत नाटक बसतं. दिग्दर्शक कॉर्की न्यूयॉर्कहून आलेला. ही भूमिका सिनेमाचा दिग्दर्शक ख्रिस्तोफर गेस्टनंच केली आहे. नटमंडळी म्हणजे दाताचा डॉक्टर, ट्रॅव्हल एजंट नवरा-बायको, आइस्क्रीमच्या दुकानातली पोरगी. कॉर्की कौन्सिलपुढे एक लाख डॉलर मागतो. गावाचं वर्षाचं बजेटच पंधरा हजार! गॅदरिंगच्या पडद्यासाठी ज्यांनी वर्गणीचं पावतीपुस्तक फिरवलं आहे, त्यांना कॉर्कीचा थयथयाट ओळखीचा वाटेल.

गावाचा इतिहासही झकास. मूळ पुरुषाला म्हणे खाऱ्या पाण्याचा वास आला, समुद्र आला असं समजून त्यानं तांडा तिथंच थांबवला. शिवाय गावात उडती तबकडी उतरल्याचा दावा. यात आपला बुलढाणा जिल्हा मागे नाही. लोणारला आभाळातून अस्सल अशनी पडलेला आहे, पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर आहे, तळाशी खारं पाणी आहे आणि वर लवणासुराची कथा. कुणी हे रंगमंचावर आणायचं म्हटलं, तर पहिलं भांडण लवणासुराच्या कामावरून होईल. विष्णूपेक्षा टाळ्या राक्षसालाच!

संवाद लिहिलेले नव्हते. गेस्ट आणि यूजीन लेव्ही यांनी प्रसंगांचा आराखडा केला, बोलणं नटांनी कॅमेऱ्यासमोर जागच्या जागी रचलं. घडण माहितीपटाची, त्यामुळे विनोद करतोय असं कुणीच दाखवत नाही. मला वाटतं, हसू येतं ते नट वाईट आहेत म्हणून नव्हे. आपण वाईट आहोत याचा त्यांना पत्ताच नाही म्हणून. त्यातही एखादं गाणं चक्क बरं जमतं, आणि मग हसणाऱ्याचीच पंचाईत होते.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेहून गफमन नावाचा कुणी प्रयोग बघायला येणार म्हणून पुढे एक खुर्ची राखीव. प्रयोग सुरू झाला तरी ती रिकामी. मग एक गृहस्थ येऊन बसतो आणि विंगेत वीज संचारते. प्रयोगानंतर कळतं, तो भाचीच्या बाळंतपणासाठी आलेला पाहुणा. खरा गफमन बर्फामुळे विमान न उडाल्यानं आलेलाच नाही. नावातली, बेकेटच्या नाटकातल्या कधीच न येणाऱ्या गोदोची आठवण इथं पक्की होते.

विदर्भाच्या पूर्व टोकाला, झाडीपट्टीतल्या हंगामी नाटकांना, अशा खुर्चीची गरज नाही. तिकीट काढून रात्रभर बसणारा प्रेक्षकच तिथला गफमन. आपल्याकडे पश्चिम वऱ्हाडात तसा हंगामी धंदा नाही. आपला हौशी नट डोळे लावून बसतो तो राज्य नाट्य स्पर्धेकडे. तिथले परीक्षक मात्र येतात, प्रयोग शेवटपर्यंत बघतात आणि निकालही लावतात. प्रेक्षागृहात त्यांच्यामागे किती जण बसलेले असतात, ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

झाडीपट्टीवर तृषांत इंगळे यांनी २०२२मध्ये ‘झॉलीवूड’ केला. पुढचा भाग त्यावर.