वाढता धंदा आणि संगणकाची वही

धंदा लहान असतो तेव्हा तो मालकाच्या डोक्यात मावतो. कोणाला किती माल दिला, कोणाकडून किती येणे आहे, पोत्यात काय शिल्लक आहे, हे सारे तोंडपाठ असते. फार तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार आकडे लिहिले की काम भागते. पण धंदा वाढला की डोके पुरत नाही, आणि कॅलेंडरही पुरत नाही. नुकसान सुरू होते ते इथेच.

समजा, आपल्या गावात दोघी जावांनी मसाल्याचा धंदा काढला आहे. पहिल्या वर्षी दहा दुकाने होती. चौथ्या वर्षी चाळीस झाली, हाताखाली सहा बायका आल्या, कांडपयंत्र आले. माल धडाक्याने खपतो आहे. पण उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची भरायची वेळ आली की गल्ल्यात पैसा नाही! पैसा गेला कुठे? चाळीस दुकानांत सरासरी १,५०० रुपये अडकले, तरी ६०,००० रुपये बाहेर राहतात. ते कोणाकडे, किती दिवसांचे, हे नेमके सांगता येत नाही. मग व्याजाने पैसे काढायचे आणि मिरची भरायची. धंदा चालतो आहे असे वाटते, आणि नफा मात्र व्याजात जातो.

अशा वेळी कोणीतरी सांगतो, “कॉम्प्युटर घ्या, सगळे ठीक होईल.” कॉम्प्युटर येतो. दोन महिन्यांनी पाहावे तर त्याच्यावर कापड घातलेले, आणि हिशेब पुन्हा वहीत! यात यंत्राचा दोष नाही, आणि त्या बायांचाही नाही. संगणकाला काय विचारायचे हे आधी ठरलेच नव्हते, हे खरे कारण.

धंद्यात संगणक आला कसा, हे या बाबतीत पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये जे. लायन्स नावाची कंपनी होती. तिची चहाची दुकाने आणि बेकऱ्या होत्या. या चहा-केकवाल्या कंपनीने केंब्रिज विद्यापीठातल्या यंत्राच्या धर्तीवर ‘लिओ’ नावाचा स्वतःचा संगणक बांधला, आणि १९५१ च्या नोव्हेंबरात त्याच्यावर नित्याचे काम सुरू केले. काम कोणते? बेकरीत आठवड्याला किती माल निघाला आणि त्याचा खर्च काय आला, याचा हिशेब. नोकरांच्या पगाराचे मोठे काम त्यानंतर दिले गेले. आणि हे यंत्र येण्यापूर्वी कित्येक वर्षे ही कंपनी आपल्या कचेरीची कामाची पद्धत नीट लावत आली होती. आधी पद्धत, मग यंत्र, असा तो क्रम होता.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. १९९८ साली केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून कोल्हापूर-सांगली भागातल्या सुमारे ७० गावांसाठी संगणकाची योजना आखली, आणि गावोगाव केंद्रे उघडली. बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी दाखले, शिक्षण असे पुष्कळ काही त्यातून व्हावे ही अपेक्षा होती. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा दिसले ते असे, की शेतकऱ्याला त्या केंद्रातून मुख्यतः मोजक्याच गोष्टी हव्या असत: माझा ऊस किती भरला, आणि माझ्या नावावर खत किती पडले. तेवढ्यासाठी संगणक, वीज आणि त्याची दुरुस्ती हा खर्च जड होता. मग त्यांनी सात गावांत साध्या मोबाइलवरून प्रयोग केला. ठरावीक नमुन्याचा संदेश पाठवायचा, आणि आकडा संदेशानेच परत यायचा. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. काम तेच झाले, साधन मात्र हलके झाले.

यावरून आपण काय घ्यायचे? प्रश्न जेवढा, तेवढेच यंत्र. म्हणून दुकानदाराकडे जाण्यापूर्वी कागदावर तीन प्रश्न लिहा. आपल्या मसाल्याच्या धंद्यात ते असे असतील: कोणाकडून किती येणे आहे आणि किती दिवसांचे? कोणता माल किती शिल्लक आहे? एक किलो मसाल्याला मला खर्च काय पडतो? या तिन्हींची उत्तरे जे साधन देईल ते आपले. बाकीची शंभर कामे ते करीत असेल, तर त्यांचे पैसे आपण का मोजावे?

दुसरी गोष्ट नावांची. माणसाला कळते की ‘तिखट’, ‘लाल तिखट’ आणि ‘मिरची पूड’ हा एकच माल. यंत्राला ते कळत नाही. त्याच्या लेखी ते तीन माल. तसेच गिऱ्हाइकांत चार पाटील असले, तर कोणाची उधारी कोणाच्या नावावर पडेल याचा नेम नाही. शिक्षकमंडळींना हे समजावून सांगायला नको. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाला एक नंबर असतो. वर्ग बदलला तरी तो नंबर बदलत नाही, आणि दोन मुलांना एकच नंबर कधी मिळत नाही. प्रत्येक मालाला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला असाच एक कायमचा नंबर द्या. हे काम वहीवर करता येते, त्याला एक पैसाही लागत नाही. पण हे झाले नाही तर महागडे यंत्रही चुकीचेच उत्तर देईल, आणि तेही झटपट देईल.

तिसरी गोष्ट, नोंद एकदाच करावी. जुन्या पेढीवर दिवाणजी आधी कच्च्या वहीत लिहीत, मग कीर्दीत, मग खतावणीत. एकच आकडा तीनदा उतरायचा; म्हणजे चुकायलाही तीन जागा. संगणकाचा खरा उपयोग इथे आहे. बिल एकदा नोंदवले, की कीर्द, खतावणी आणि मालाची शिल्लक तोच लावून घेतो. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. ज्यांना तो भरावा लागतो, त्यांच्या विवरणपत्राचे आकडेही याच नोंदीतून निघतात. पण नोंद मात्र त्याच दिवशी झाली पाहिजे. आठवड्याने आठवून लिहिलेली नोंद ही नोंद नव्हे, तो अंदाज असतो.

साधन कोणते घ्यावे? दहा-पंधरा गिऱ्हाइके असतील तर वही उत्तम. त्यापुढे मोबाइलवर किंवा संगणकावर आडव्या-उभ्या रकान्यांचा तक्ता करावा. बेरजा तो आपोआप करतो. रोजची बिले, जीएसटी आणि दोनतीन माणसे एकाच हिशेबावर बसू लागली, म्हणजे हिशेबाचा तयार प्रोग्राम घ्यावा. आणि जुनी वही एकदम बंद करू नये. एक महिना दोन्ही चालवा, महिनाअखेर ताळा पाहा. दोन्हीकडचे येणे जुळले, की मग वही ठेवून द्या.

आता सांभाळण्याविषयी. पुष्कळ ठिकाणी संगणकाचा पासवर्ड एकट्या पोराला ठाऊक असतो. तो पुण्याला नोकरीला गेला, की धंद्याला कुलूप! पासवर्ड मालकाजवळ लिहिलेला, कपाटात बंद असावा. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात. त्यांतली एक दुसऱ्या जागी, म्हणजे आग लागली, पाणी शिरले तरी ती वाचेल. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. तेव्हा “कॉम्प्युटर बिघडला” ही सबब चालायची नाही. आणि यूपीआयचे एक घोकून ठेवा: पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच लागत नाही. “पैसे पाठवतो, पिन टाका,” असे कोणी म्हटले, की तो लुबाडणारा समजावा. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

शिक्षकांना एक विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलांकडून एखाद्या दुकानाची मालाची यादी करून घ्या, एका मालाला एक नाव आणि एक नंबर लावायला सांगा. गणिताचा तास होईल, आणि दुकानदाराचे निम्मे काम होईल. धंदेवाल्यांनी मात्र आज यंत्राची चौकशी करू नये. आज फक्त ते तीन प्रश्न लिहावेत, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे कोणाकडे किती अडकले आहे, हे वहीवरूनच काढून पाहावे. त्या आकड्यावरून पुढचे सारे ठरवता येईल.