पाऊस झेलणारं मैदान

एक एकर मैदानावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे 40 हजार लिटर पाणी येतं. म्हणजे दहा हजारी चार टँकर! फरसबंदी केली, तर ते सगळं गटारात जातं.

बँकॉकमधल्या चुलालाँगकोर्न विद्यापीठाच्या शताब्दी उद्यानात (2017) 11 एकरांना तीन अंशांचा उतार दिला आहे. हिरव्या छतावरून निघालेलं पाणी पाणवनस्पतींमधून गाळलं जात तळ्यात उतरतं. या उद्यानात सुमारे 38 लाख लिटर पाणी मावतं. रचनाकार कोचाकोर्न वोराकोम. मुंबईत माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यानही पावसाचं पाणी साठवतं, तेही जुन्या कचरा डेपोच्या जागेवर.

हाच विचार लोणंदच्या पालखी तळाला लावून पाहू. हे गाव पर्जन्यछायेतलं, इथं प्रत्येक सर मोलाची. पण माउलींची पालखी नीरा ओलांडून इथं मुक्कामाला येते ती ऐन पावसाळ्यात. त्यामुळे पालखी तळाच्या मधोमध तळं खोदून चालणार नाही. वारकऱ्यांचे तंबू कोरड्यातच हवेत. मधला भाग किंचित उंच, कडेनं गवताचे उथळ चर आणि चरांच्या काठी कडुनिंब, करंज, ही रचना मला इथं पटते. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं. तिथं चराच्या तळाशी दगड-मुरूम भरावा लागेल.