व्हॉट-इफ विमानप्रतिकृती

व्हॉट-इफ विमानप्रतिकृती म्हणजे प्रत्यक्षात कधीही तयार न झालेल्या, परंतु विशिष्ट ऐतिहासिक परिस्थितीत तयार होऊ शकल्या असत्या अशा विमानांच्या प्रमाणबद्ध लहान प्रतिकृती होत. 'असे झाले असते तर?' हा प्रश्न या छंदाच्या मुळाशी असतो. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या किटमधील भाग कापून, जोडून वा बदलून अशी प्रतिकृती घडवितात. दुसऱ्या महायुद्धातील चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने या प्रकारात विशेष प्रिय आहेत. त्यांचे धड प्रशस्त असते, पंख मोठे असतात, आणि प्रत्यक्ष इतिहासातही त्यांची अनेक रूपांतरे झालेली आहेत. भारताच्या संदर्भात या प्रकाराचा सर्वांत रोचक आधार म्हणजे बी-२४ लिबरेटर हे विमान होय.

प्रमाण

विमानप्रतिकृतींमध्ये १:७२, १:४८ आणि १:१४४ ही प्रमाणे प्रचलित आहेत. लिबरेटरच्या पंखांचा विस्तार ११० फूट, म्हणजे सुमारे ३३.५ मीटर होता. १:७२ या प्रमाणात तो सुमारे ४६.५ सेंटिमीटर, १:४८ मध्ये सुमारे ७० सेंटिमीटर, तर १:१४४ मध्ये सुमारे २३ सेंटिमीटर भरतो. घरातील कपाटात मावेल आणि तपशीलही दिसेल, अशा मध्यममार्गामुळे मोठ्या विमानांसाठी १:७२ हे प्रमाण बहुधा निवडले जाते.

रूपांतराच्या पद्धती

रूपांतर साधारणतः तीन पातळ्यांवर होते. पहिल्या पातळीवर केवळ रंग आणि चिन्हे बदलतात. विमान तेच, पण वापरणारा देश वा काळ वेगळा. दुसऱ्या पातळीवर इंजिने, शेपूट, नाक किंवा शस्त्रे बदलतात. त्यासाठी दोन वेगवेगळ्या किटचे भाग एकत्र करतात. यास किटबॅशिंग म्हणतात. तिसऱ्या पातळीवर प्लॅस्टिकच्या पत्र्यापासून व रेझिनपासून नवे भाग मुळापासून घडविले जातात. जोडांवरील फटी पुट्टीने बुजवून त्या पॉलिश कागदाने घासतात, नंतर रंग देऊन डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, लावतात.

लिबरेटरच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण नेहमी येते. या विमानाचे पुढचे चाक नाकाखाली असून धडाचा मोठा भाग मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे नाकात पुरेसे वजन भरले नाही तर प्रतिकृती शेपटीवर बसते. रूपांतर करताना शेपटीकडे काही वाढविल्यास हे वजनही वाढवावे लागते, आणि ते धड चिकटवून बंद करण्यापूर्वीच ठरवावे लागते.

प्रत्यक्ष इतिहासातील रूपांतरे

कल्पनेतील रूपांतर कितपत पटण्याजोगे आहे, हे ठरविण्यासाठी खऱ्या रूपांतरांचा अभ्यास उपयोगी पडतो. ब्रिटिश लँकेस्टर विमानाचे पंख घेऊन त्यांना नवे, प्रशस्त धड जोडल्यावर यॉर्क हे वाहतूक विमान तयार झाले. लँकेस्टरपासूनच लिंकन, आणि त्याच परंपरेत समुद्रटेहळणीचे शॅकल्टन विकसित झाले. लिबरेटरपासून सी-८७ हे वाहतूक विमान आणि सी-१०९ हे इंधनवाहू विमान निर्माण झाले. सी-१०९ विमाने भारतातून हिमालयापलीकडे चीनमध्ये इंधन नेत असत. लिबरेटरची दोन उभी शेपटे काढून एकच उंच शेपूट बसविलेले प्रायव्हेटियर हे विमान अमेरिकी नौदलाने वापरले. युद्धानंतर काही प्रायव्हेटियर विमाने वणवे विझविण्याच्या कामी आली.

फसलेले प्रयोगही बोधप्रद आहेत. बी-१७ विमानावर अधिक तोफा व दारूगोळा चढवून वायबी-४० हे संरक्षक विमान तयार करण्यात आले. परंतु बॉम्ब टाकून हलकी झालेली बाकीची विमाने वेगाने परतत असताना जड राहिलेले वायबी-४० मागे पडत असे. कागदावर सयुक्तिक वाटणारी कल्पना वजनाच्या साध्या हिशेबात कशी हरते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

भारतीय लिबरेटर

युद्धसमाप्तीनंतर कानपूर येथे ब्रिटिश हवाई दलाची अनेक लिबरेटर विमाने पडून होती. उसनवार-भाडेपट्टी करारान्वये मिळालेली अमेरिकी विमाने परत करणे अथवा निकामी करणे बंधनकारक असल्याने त्यांची जाणीवपूर्वक मोडतोड करण्यात आली होती. स्वतंत्र भारताला बॉम्बफेकी विमानांची गरज भासली, तेव्हा या भंगारातून उड्डाणयोग्य विमाने उभी करण्याचे काम बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीने हाती घेतले. ही कंपनी मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये स्थापन झाली होती. जुजबी दुरुस्ती केलेली विमाने कानपूरहून बंगळूरला उडवत नेण्याची जोखीम चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी पत्करली. तेथे पूर्ण दुरुस्ती होऊन सुमारे ४० विमाने सेवेत आली.

नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाची ५ क्रमांकाची स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. पुढे ती पुण्यास आली. १९५१ पासून ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने पुण्याहून लिबरेटरचा उपयोग समुद्रटेहळणीसाठी केला. ही विमाने १९६८ पर्यंत सेवेत होती. जगातील संग्रहालयांत आज दिसणाऱ्या लिबरेटरपैकी अनेक विमाने भारतीय हवाई दलातूनच गेलेली आहेत. दिल्लीतील पालम येथेही एक जतन केलेले आहे. युद्धकाळात १८,००० हून अधिक संख्येने बनलेल्या या विमानाचे मोजके नमुने उरले, त्यांत भारतातील या दुरुस्तीचा मोठा वाटा आहे.

काल्पनिक रूपांतराचे उदाहरण

समुद्रटेहळणीची जबाबदारी हवाई दलाकडून भारतीय नौदलाकडे १९७६ मध्ये आली. ती १९५० च्या दशकातच आली असती तर नौदलाच्या रंगातील लिबरेटर दिसले असते. हे रूपांतर केवळ पहिल्या पातळीचे, म्हणून सोपे आहे.

दुसरे उदाहरण इंजिनांचे आहे. कानपूर येथे जुळणी झालेल्या पहिल्या ॲव्हरो ७४८ विमानाने नोव्हेंबर १९६१ मध्ये उड्डाण केले. त्याची डार्ट टर्बोप्रॉप इंजिने लिबरेटरला बसविली असती तर? लिबरेटर तेव्हा सेवेत होते, म्हणजे कालक्रम जुळतो. मूळ इंजिनाची शक्ती १,२०० अश्वशक्ती, तर डार्टची सुमारे २,००० होती. प्रतिकृतीत लिबरेटरची लंबवर्तुळाकार इंजिन-आवरणे काढून डार्टची सडपातळ आवरणे बसवावी लागतात. मात्र टर्बोप्रॉप इंजिन कमी उंचीवर अधिक इंधन खाते, आणि समुद्रटेहळणीचे उड्डाण दीर्घ व कमी उंचीवरचे असते. म्हणून या काल्पनिक विमानात बॉम्बकक्षात जादा इंधनटाक्या दाखविणे तर्काला धरून होते.

चिन्हांच्या बाबतीतही काळाचे भान ठेवावे लागते. युद्धकाळात दक्षिण-पूर्व आशियातील ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळचिन्हातील लाल रंग, जपानी चिन्हाशी गल्लत होऊ नये म्हणून, वगळला होता. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आणि १९५० पासून केशरी, पांढरे व हिरवे वर्तुळचिन्ह वापरात आले. १९४९ च्या विमानावर तिरंगी वर्तुळ काढल्यास कल्पना नव्हे, तर चूक ठरते.

नाशिक आणि ओझर

नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना असून मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी तो १९६० च्या दशकात उभा राहिला. पुढे तेथे मिग-२७ व सुखोई-३० एमकेआय विमानेही तयार झाली. सुमारे अडीच टन वजनाचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र वाहण्यासाठी सुखोईच्या रचनेत बदल करण्यात आले, आणि क्षेपणास्त्रासह अशा विमानाचे पहिले प्रात्यक्षिक उड्डाण २५ जून २०१६ रोजी नाशिक येथे झाले. वजन, बळकटी आणि समतोल यांचे जे प्रश्न प्रतिकृतीकार टेबलावर सोडवू पाहतो, त्यांची खरी उत्तरे अशा कारखान्यांत द्यावी लागतात.

महत्त्व आणि मर्यादा

या छंदातून भूमिती, यंत्रशास्त्र व इतिहास यांचा एकत्र अभ्यास घडतो. तथापि, उत्तम रंगविलेल्या काल्पनिक विमानाचे छायाचित्र संदर्भाविना पसरल्यास ते खरे मानले जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रतिकृतीच्या पट्टीवर 'काल्पनिक' असा स्पष्ट उल्लेख, आणि वास्तव कोठे संपते याची नोंद असणे आवश्यक ठरते. भारतीय लिबरेटरबाबत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे. कारण मोडून टाकलेल्या विमानांतून हवाई दलाचे बॉम्बफेकी दल उभे राहिले, ही घटना काल्पनिक वाटावी अशी असूनही खरी आहे.