शिक्षकाचे आरोग्य : आहार व व्यायाम

गोंदिया जिल्हा हा धानाचा प्रदेश होय. बांधीत दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्यास दोन्ही वेळचा भात पचतो. आपण शिक्षक मात्र दुचाकीवरून शाळेत येतो व शिकवून झाल्यावर बसून माहितीचे तक्ते भरतो. आपले अंगश्रम घटले, पण भात तितकाच राहिला. त्यातही अनेकजण सकाळी केवळ चहा घेऊन निघतात व दुपारी भुकेपोटी अधिक जेवतात. अशाने वजन वाढते, आणि मधुमेह व रक्तदाब यांचा धोकाही वाढतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार ताटाचा सुमारे निम्मा भाग भाज्या व फळे यांचा असावा. तेव्हा भाताची एक वाढणी कमी करावी, वरण घट्ट करावे आणि मुनगा, आंबाडी यांसारख्या परसातील भाज्या रोज घ्याव्यात. सकाळी निघण्यापूर्वी भिजविलेले हरभरे खाण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांस आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला आहे. म्हणजे पाच दिवस, रोज ३० मिनिटे. त्यासाठी सलग अर्धा तास मिळेलच असे नाही. सबब दहा मिनिटे मुलांबरोबर स्वतः कवायत करावी आणि मधल्या सुट्टीत व सायंकाळी दहा-दहा मिनिटे झपाझप चालावे.

आरोग्याचा धडा मुले ऐकतात. परंतु गुरुजींचा डबाही ती पाहतच असतात.