प्रश्नाची परतीची वाट

विद्यार्थी मित्रांनो, 'शैक्षणिक तंत्रज्ञान' हे शब्द ऐकले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? दूरचित्रवाणी संच, संगणक, मोबाइल, नाही तर भिंतीवरचा मोठा पडदा! यंत्रे आठवणे साहजिकच आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये २०१० सालापासून हा पीएच. डी.चा स्वतंत्र विषय आहे. तो शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला यंत्रांपेक्षाही एका साध्या प्रश्नाचा अधिक विचार करावा लागतो. शिकवलेले समोरच्याला कळले की नाही, हे ओळखायचे कसे? हा प्रश्न तुमच्या-आमच्या वर्गातलाही आहे. तो समजून घेण्यासाठी आपण सुरुवात जरा लांबून, म्हणजे थेट आकाशातून करू.

आकाशातून आलेला धडा

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात आपल्या देशाने 'साइट' नावाचा मोठा प्रयोग केला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले. त्यांत शाळकरी मुलांसाठीही कार्यक्रम होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पुढे ३० ऑगस्ट १९८३ रोजी आपला इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि त्यानंतर महाराष्ट्रातील मुलांसाठीही उपग्रहावरून धडे येऊ लागले. असे कार्यक्रम तयार करण्यासाठी १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. ती २०१७ साली बंद झाली.

इन्सॅट-१बी हा भूस्थिर उपग्रह होता. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० कि.मी. उंचीवर असलेल्या उपग्रहाला एक फेरी पूर्ण करायला पृथ्वीच्या एका परिवलनाइतकाच वेळ लागतो. त्यामुळे तो आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. हा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर होता. आता नागपूर जिल्ह्यातील आमच्या भिवापूरचा विचार करा. भिवापूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७९.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. येथील शाळेच्या गच्चीवर त्या उपग्रहासाठी तबकडी लावायची असती, तर ती दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला वळवून, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर रोखावी लागली असती.

दिल्लीहून निघालेला संदेश उपग्रहाकडे जाणार, उपग्रह त्याची कंप्रता बदलून व शक्ती वाढवून तो खाली पाठवणार, आणि मग तो भिवापुरात पोहोचणार. हा सारा प्रवास सुमारे ७३,००० कि.मी.चा होतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३,००,००० कि.मी. धरून भागाकार करा. उत्तर येते ०.२४ सेकंद. म्हणजे पापणी लवण्याच्या आत धडा हजर!

परंतु धडा चालू असताना भिवापुरातल्या एखाद्या मुलीने हात वर केला असता तर? पडद्यावरच्या शिक्षकांना तो दिसला नसता. धड्याला यायला पाव सेकंद पुरत होता, पण शंकेला परत जायला वाटच नव्हती. ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न म्हणजे २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी सोडलेला एज्युसॅट. त्याच्या जाळ्यातील काही वर्गांतून विद्यार्थ्यांना उलट प्रश्न विचारता येत असे. त्याची सेवा २०१० साली संपली.

पुढे काम पाठ्यपुस्तकातूनच होऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याची कल्पना राबवली. ती राज्याच्या पुस्तकांतही आली, आणि २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. हा काळा-पांढरा चौकोन असा रचता येतो की, त्याचा जवळजवळ ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो. पुस्तकावर वरणाचा डाग पडला म्हणून काही अडत नाही! मात्र कोडमागची चित्रफीत पाहून तुमचा गैरसमज दूर झाला की अधिकच पक्का झाला, हे त्या चौकोनाला कळत नाही.

प्रत्याभरण म्हणजे काय?

स्वयंचलित इस्त्री घ्या. तापमान वाढले की आतली द्विधातू पट्टी वाकते आणि विद्युतप्रवाह तुटतो. इस्त्री थोडी निवाली की पट्टी सरळ होऊन प्रवाह पुन्हा सुरू होतो. परिणामाची बातमी कारणापर्यंत परत जाते, आणि त्यानुसार कारण बदलते. यालाच प्रत्याभरण म्हणतात. भिवापुरी मिरचीचा ठेचा वाढणारी आजीही हेच करते. जेवणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसले की ती पुढचा घास वाढण्याआधी तेलाची धार धरते. चांगला शिक्षकही मुलांचे चेहरे वाचतो. पण चेहरे नेहमीच खरे बोलत नाहीत. 'समजले का?' या प्रश्नाला सारा वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो, हे आपण सर्वच जाणतो.

मोजून पाहिले तेव्हा

अमेरिकेतील रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. बल आणि गती यांवरील प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाच्या आधी आणि नंतर सोडवल्या होत्या. हेक यांचे माप सोपे आहे. समजा, वर्गाची सरासरी आधी ३० टक्के होती आणि नंतर ६५ झाली. ७० ची वाढ शक्य होती, झाली ३५ ची. म्हणून लाभ ३५ ÷ ७० = ०.५. केवळ व्याख्याने झालेल्या वर्गांत हा लाभ सरासरी ०.२३ निघाला. जेथे विद्यार्थी स्वतः उत्तर देत, आपसांत चर्चा करत आणि चूक की बरोबर हे लगेच जाणून घेत, तेथे तो ०.४८ होता. म्हणजे दुपटीहून अधिक!

आपल्याकडेही असा अभ्यास झाला आहे. आय. आय. टी. मुंबईतील प्रा. सहना मूर्ती, प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या संशोधक विद्यार्थ्यांनी संगणक शिकणाऱ्या एका भल्या मोठ्या वर्गाचे दहा आठवडे निरीक्षण केले. पद्धत अशी की, प्रश्नावर आधी एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे, शेवटी साऱ्या वर्गाने चर्चा करायची. अशा तेरा कृतींत सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. त्यांचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीला लागते फक्त शेजारी बसलेला मित्र!

करून पाहा

जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून प्रत्येकाने अ, ब, क, ड अशी चार कार्डे करावीत. गुरुजींनी फळ्यावर हा प्रश्न लिहावा:

सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर थांबतो. हवेचा विरोध सोडून द्या. त्या क्षणी चेंडूवर कोणते बल असते?
(अ) कोणतेच नाही (ब) फक्त खाली गुरुत्वबल (क) फक्त हाताने दिलेले वरचे बल (ड) वरचे व खालचे, दोन्ही समान

एक मिनिट विचार करा आणि सर्वांनी एकाच वेळी कार्ड छातीशी धरा, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून उत्तर बदलणार नाही. बरोबर उत्तरे मोजा, पण उत्तर सांगू नका. दोन मिनिटे शेजाऱ्याशी वाद घाला आणि पुन्हा कार्डे दाखवा. दोन्ही आकडे वहीत लिहून हेक यांच्या रीतीने लाभ काढा. बरोबर उत्तर 'ब' आहे. वेग शून्य झाला म्हणून बल शून्य होत नाही. तसे झाले असते, तर चेंडू वरच राहिला असता!

शिक्षक बंधुभगिनींनी कार्डांवरची चुकीची उत्तरे आवर्जून पाहावीत. पुढचा तास कोठून सुरू करायचा, हे तीच सांगतात. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या बाकापासून फळ्यापर्यंतचे अंतर फार तर दहा पावलांचे आहे. त्या वाटेवर कोणताही उपग्रह लागत नाही. शंका आली की हात वर करा.