सुई-दोरा कुणाच्या हाती?

दरवर्षी वैद्यकीय प्रवेशाच्या याद्या लागल्या की आपल्या वस्त्यांत आनंद होतो. बुद्धविहारात सत्कार होतो, पुष्पगुच्छ दिला जातो, आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येते. रोजंदारी करणाऱ्या बापाची मुलगी डॉक्टर होणार, ही गोष्ट बाबासाहेबांच्या संघर्षाशिवाय घडली नसती. परंतु या सत्कारानंतर साडेचार वर्षांनी त्याच मुलीच्या आयुष्यात आणखी एक वर्ष येते आणि त्या वर्षाची चौकशी समाजात कोणी करीत नाही. ते वर्ष म्हणजे इंटर्नशिप. या वर्षात काय शिकायला मिळते आणि काय शिकू दिले जात नाही, यावर चळवळीने बोलण्याची वेळ आली आहे.

आम्ही काही मित्र-मैत्रिणी एका सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी विभागात इंटर्न म्हणून काम करून बाहेर पडलो. रुग्णालयाचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका रुग्णालयाचा नाही. आम्ही सारे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेलो, पण घरे सारखीच. कुणाचे वडील सफाई कामगार, कुणाची आई अंगणवाडीत मदतनीस. पुस्तके आम्ही इतरांइतकीच वाचली होती. परीक्षाही तीच दिली होती. फरक कुठे सुरू होतो ते आम्हाला सर्जरीत दिसले.

एमबीबीएसची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर बारा महिन्यांची फिरती इंटर्नशिप सक्तीची असते. १९९७ च्या नियमांत सर्जरीसाठी अस्थिरोग धरून दोन महिने होते. २०२१ च्या नियमांत जनरल सर्जरीला सहा आठवडे आहेत. एवढ्या काळात जखम धुणे, ड्रेसिंग करणे, टाके घालणे आणि काढणे, गळू फोडून पू काढणे, लघवीची नळी घालणे ही कामे हातात बसली पाहिजेत. केलेल्या कामाची नोंद लॉगबुकात करायची आणि वरिष्ठाची सही घ्यायची, असा नियम आहे. कागदावर सर्व व्यवस्थित आहे.

प्रत्यक्षात काय होते? सकाळी केसपेपरच्या खिडकीपासून रांग सुरू होते ती ओपीडीच्या दारापर्यंत. हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, भगंदर, स्तनातली गाठ, कडबाकुट्टीत सापडलेली बोटे, साखरेमुळे सडलेले पाय. टेबलावर एक लेक्चरर, दोन रेसिडेंट आणि बाजूला आम्ही. कुणाचे रक्त काढायचे, कुणाचा रिपोर्ट लॅबमधून आणायचा, कुणासाठी रक्तपेढीत धावायचे, ही कामे इंटर्नला सांगितली जातात. ती केलीच पाहिजेत, त्यात कमीपणा नाही. परंतु पलीकडच्या मायनर ओटीत कुणीतरी टाके घालत असते. तिथे कुणाला बोलवायचे, हे ठरवण्याचा कोणताही नियम नाही. रेसिडेंटच्या तोंडात ज्याचे नाव येईल तो आत जातो.

आणि नाव कुणाचे येते? ज्याचे वडील डॉक्टर आहेत, जो रेसिडेंटबरोबर एकाच मेसमध्ये जेवतो, ज्याचे आडनाव ओळखीचे वाटते, त्याचे. आमच्यापैकी एकाला पहिल्याच दिवशी विचारले गेले, "तुझा रँक किती होता?" रँक विचारण्यामागे काय विचारायचे असते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यानंतर त्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी अपमान केला नाही. फक्त त्याचे नाव पुकारले गेले नाही. त्याने वहीत रोजची नोंद ठेवली होती. पहिल्या तीन आठवड्यांत रक्ताचे नमुने पोचवल्याच्या नोंदींनी पाने भरली आणि टाके घातल्याची नोंद एकही नव्हती.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक वेळी जातच कारणीभूत असते, असे आम्ही म्हणत नाही. रुग्णांची गर्दी एवढी असते की शिकवायला वेळ नसतो. छत्तीस तास जागे असलेला रेसिडेंट ज्याला काम येते त्यालाच हाक मारतो. परंतु ज्याला काम येते त्यालाच हाक मारायची आणि ज्याला हाक मारली त्यालाच काम येणार, हे चक्र कुणाच्या फायद्याचे आहे? पुस्तकाचे ज्ञान ग्रंथालयात बसून मिळवता येते. सर्जरीचे ज्ञान हाताचे आहे. ते वरिष्ठाने संधी दिल्याशिवाय मिळत नाही. आरक्षण आपल्याला महाविद्यालयाच्या फाटकातून आत नेते. ओटीचे दार मात्र माणसाच्या मर्जीवर उघडते.

आमच्या बाबतीत हे दार दोन माणसांनी उघडले. पहिले ड्रेसिंग रूममधले मामा. तीस वर्षे ड्रेसर म्हणून काम केलेले. दुपारी गर्दी ओसरली की ते आम्हाला बोलावत. खुर्चीच्या पाठीला दोरा बांधून गाठ मारायला लावत. "डॉक्टर, अहो दोरा ओढू नका, बसवा. कातडी कापंल," असे म्हणत आणि दहा-दहा वेळा गाठ सोडवायला लावत. जखमेच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत, आवळल्या तर रक्तपुरवठा तुटतो आणि टाका पिकतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. हाताला ते मामांनी शिकवले.

दुसरे होते विभागातले एक लेक्चरर. चौथ्या आठवड्यात आमचे युनिट बदलले. त्या सरांनी पहिल्याच दिवशी मायनर ओटीच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. तारीख आणि पुढे इंटर्नचे नाव. ज्याचे नाव असेल त्याने त्या दिवशी टाके घालायचे, बाकीच्यांनी वॉर्डची कामे करायची, उद्या बदली. एवढेच. सरांची जात आम्ही विचारली नाही. पण त्या कागदाने जे केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. विद्यार्थी तेच, रुग्ण तेच, गर्दी तीच. तरीही ज्याच्या वहीत एकही टाका नव्हता त्याने पुढच्या तीन आठवड्यांत कपाळावरची, बोटांवरची, पोटरीवरची जखम शिवली आणि नीट शिवली. कमतरता गुणवत्तेची होती की पाळीची, याचे उत्तर त्या कागदाने दिले.

गुणवत्तेचा विषय निघालाच आहे तर इतिहासही पाहू. रक्त, पू आणि मृतदेह यांना हात लावणे हे या देशात कधीकाळी सन्मानाचे काम नव्हते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासमान मानून ते वर्ज्य सांगितले आहे. वस्तऱ्याने गळू फोडणारा न्हावी होता. बाळाची नाळ कापणारी दाई बहुतेक गावांत महार-मांगांच्या घरातली होती. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात १८३६ साली मधुसूदन गुप्तांनी मृतदेहाचे विच्छेदन केले, तेव्हा शव शिवण्याचा विटाळ हाच मोठा अडथळा होता. पुढे याच कामाला प्रतिष्ठा आणि पैसा आला. मग तेच काम गुणवत्तेचे झाले आणि पिढ्यान्पिढ्या ते करणाऱ्यांची मुले 'कोट्यातली' ठरली! जे हात नाळ कापत होते त्यांच्या नातवंडांना सुई धरता येईल का, अशी शंका घेतली जाते, यापेक्षा मोठा विनोद कोणता?

आपली मुले सर्जरीत का हवीत, याचे उत्तर फक्त प्रतिनिधित्वात नाही. ते रुग्णाच्या पायाशी आहे. वीटभट्टीवर काम करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ आले होते. तळपायाला भोक पडलेले, आतून पू वाहणारा. रेसिडेंट वैतागून म्हणाले, "एवढं होईपर्यंत झोपला होतात का?" ते गप्प बसले. ड्रेसिंग करताना आमच्या मैत्रिणीने हळूच विचारले तेव्हा म्हणाले, "ताई, खिळा घुसलेला कळलाच नाही. रात्री चप्पल काढली तवा रगत दिसलं." ते खोटे बोलत नव्हते. रक्तातली साखर बराच काळ वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही, म्हणून माणूस त्या पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. पुढे गँगरीन होते, पाय कापावा लागतो.

त्यांना "आराम करा" असे सांगणे सोपे होते. पण भट्टीमालकाची उचल अंगावर असताना आराम कुठून करणार? ज्या मुलीच्या घरी उचल घेतली जाते तिलाच हे विचारायचे सुचते. तिने त्यांच्या बायकोला बोलावून सांगितले की रोज संध्याकाळी दोन्ही तळवे उजेडात धरून पाहायचे, दोन बोटांच्या मधेसुद्धा. चप्पल घालण्याआधी आतून हात फिरवायचा. अनवाणी पाऊलही टाकायचे नाही. फोड दिसला तर दुखत नसले तरी त्याच दिवशी यायचे. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ड्रेसिंग होईल अशी चिठ्ठीही लिहून दिली. ही शस्त्रक्रिया नव्हे, पण पाय वाचतो तो यानेच. वस्तीतून आलेला डॉक्टर रुग्णाला अधिक काय देतो, ते हे.

आणखी एक चित्र आम्हाला रोज दिसले. ऑपरेशन संपले की सर्जन हातमोजे काढून जातात. जमिनीवरचे रक्त पुसायला येतात त्या मावशी आपल्याच असतात, बहुतेक कंत्राटावर. कुणीतरी वापरलेली सुई कापसात तशीच टाकतो आणि ती मावशींच्या हातात घुसते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यातच टाकायच्या असतात. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी आणि प्रशिक्षण देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारही त्यात आले. आम्ही मावशींना विचारले तेव्हा लसीचे त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते. एकाच खोलीत वरती सुरी आणि खाली फडके, ही उतरंड आपल्या ओळखीची नाही का? कामगार संघटनांतील कार्यकर्त्यांनी हा नियम हातात घेऊन रुग्णालयांना जाब विचारला पाहिजे.

शिकण्याची संधी नाकारणे हा जगभरच्या विषमतेचा जुना मार्ग आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात काळ्या मुलींना नर्सिंगच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळत नव्हता आणि काळ्या डॉक्टरांना रुग्णालये दारात उभी करीत नव्हती. तेव्हा डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांनी १८९१ साली प्रॉव्हिडंट हॉस्पिटल सुरू केले आणि त्यालाच प्रशिक्षणशाळा जोडली. हे डॉ. विल्यम्स पोरवयात चांभाराकडे उमेदवारी केलेले, पुढे केशकर्तनाचे काम केलेले. त्यांनीच १८९३ साली त्या रुग्णालयात छातीत सुरा लागलेल्या माणसाची छाती उघडून हृदयावरचे आवरण शिवले. तो माणूस जगला. संधी मिळाली की हात काय करतात, याचा यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

आपल्याकडे या प्रश्नाची नोंदच नाही असे नाही. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. वसतिगृहापासून तोंडी परीक्षेपर्यंत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी वेगळी वागणूक होते, हे त्यात मांडले गेले. त्यानंतर बारा वर्षांनी, २२ मे २०१९ रोजी, मुंबईत डॉ. पायल तडवी हिने जीवन संपवले. आदिवासी तडवी भिल्ल समाजातील ही मुलगी स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. तेव्हा मोर्चे निघाले, निदर्शने झाली. परंतु मोर्चा निघायला मृत्यू व्हावा लागतो आणि रोज न पुकारल्या जाणाऱ्या नावाची बातमी होत नाही. म्हणून त्या रोजच्या गोष्टीवर इलाज शोधायला हवा.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नच्या कामाची पाळी लेखी असावी आणि ती भिंतीवर लागावी. कुणी किती टाके घातले, किती ड्रेसिंग केले, याची युनिटनिहाय नोंद सर्वांना पाहता यावी. लॉगबुकावर शेवटच्या दिवशी एकदम सह्या करण्याची पद्धत बंद व्हावी. भेदभावाची तक्रार घेणाऱ्या समितीने तक्रारीची वाट न पाहता या नोंदी दर तीन महिन्यांनी तपासाव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही, खर्चही लागत नाही.

समाजातील ज्येष्ठ डॉक्टरांनाही एक विनंती आहे. तुम्ही सत्काराला येता, भाषण करता. त्यापुढे महिन्यातला एक रविवार द्या. बाजारातून शेळीचे पाय आणा, सुई-दोरा आणा आणि विहाराच्या सभागृहात पाच मुलांना टाके घालायला शिकवा. जी मुले आज इंटर्नशिप करीत आहेत त्यांनी रोजची तारीखवार वही ठेवावी, गप्प बसू नये, पण तक्रार करताना नोंद हातात ठेवावी. 'शिका' या आदेशात हाताने शिकणेही आले. मागच्या पिढीने लेखणी मिळवली. सुई-दोरा मिळवण्याचे काम आता आपले आहे. जयभीम!