सी ड्राइव्ह भरला म्हणून

विंडोज संगणकावर नवे सॉफ्टवेअर टाकताना ते कुठे ठेवायचे याचा पत्ता इन्स्टॉलरने आधीच भरून ठेवलेला असतो: सी ड्राइव्ह आणि त्यातले ‘प्रोग्राम फाइल्स’ हे फोल्डर. शेजारचे ‘ब्राउझ’ बटण दाबून डी किंवा ई निवडता येतो, निदान तशी समजूत असते. प्रत्यक्षात डी निवडूनही कधी जागा अपुरी असल्याचा संदेश येतो, कधी ‘एरर १३२७, इनव्हॅलिड ड्राइव्ह’ असे दिसते, कधी परवानगी नाकारली जाते. कधी सारे सुरळीत पार पडते, तरी सी वरचीच जागा कमी झालेली आढळते. काही सॉफ्टवेअर तर कुठे टाकू म्हणून विचारतही नाहीत.

सी या अक्षराचा मान जुना आहे. १९८१ सालच्या आयबीएम पीसीला फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह बसवता येत आणि त्यांना ए व बी ही अक्षरे होती. १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्डडिस्क आली, ती सी झाली. पुढे फ्लॉप्या गेल्या, ए आणि बी ओस पडले, पण सी हलला नाही. ‘प्रोग्राम फाइल्स’ची प्रथा विंडोज ९५ पासूनची. आपल्याकडे एकाच हार्डडिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची रीत पडली ती वेगळ्या कारणाने. विंडोज बिघडले की फॉरमॅट मारायचा, तो फक्त सी वर, म्हणजे बाकीचे वाचते. विंडोज एक्सपीला स्वतःसाठी दीड जीबी पुरत असे, तेव्हा सी ला २०-३० जीबी देणे उदारपणाचेच होते. विंडोज ११ किमान ६४ जीबीची डिस्क मागते. नंतर छोटी एसएसडी सी म्हणून आणि मोठी हार्डडिस्क डी म्हणून बसवण्याचा काळ आला आणि तंगी सी च्याच वाट्याला राहिली.

ही तंगी जिथे रोजच्या धंद्याला भिडते असे पुण्यातले ठिकाण म्हणजे गुलटेकडीचे श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड. भुसार, गूळ, फळे, भाजीपाला, फुले असा व्यापार इथे चालतो आणि गाळ्यावरच्या एकाच संगणकाकडून सगळ्यांची अपेक्षा असते. शेतकऱ्याची हिशेबपट्टी त्यातूनच निघायची, तीत हमाली आणि तोलाई धरायची, खरेदीदाराची उधारी मांडायची. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, त्यामागोमाग ई-वे बिल आले. म्हणजे एका यंत्रावर टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर, पट्ट्या काढणारे एखादे जुने सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट, प्रिंटरची जुळवणी, ब्राउझर आणि एक्सेल. एके दिवशी ‘धिस पीसी’ उघडल्यावर सी ची पट्टी लाल दिसते आणि डी मात्र जवळजवळ रिकामा असतो. नवे सगळे डी वर टाकावे, असे दिवाणजींना वाटले तर त्यात नवल नाही.

इन्स्टॉल करणे म्हणजे फाइली एका जागी नेऊन ठेवणे नव्हे, हे लक्षात आले की बहुतेक कोडी सुटतात. यार्डात नवा व्यापारी माल कोणत्याही गोदामात ठेवू शकतो, पण परवाना बाजार समितीतच काढावा लागतो आणि नोंद तिच्याच दप्तरी होते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. मुख्य फाइली सांगितलेल्या फोल्डरात जातात. त्याखेरीज विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदी होतात, समाईक फाइली ‘कॉमन फाइल्स’मध्ये जातात, सेटिंग ‘प्रोग्राम डेटा’ आणि ‘अॅप डेटा’ या फोल्डरांत राहतात. लागणारी पूरक पॅकेजे स्वतंत्रपणे बसतात. दुरुस्ती किंवा काढून टाकण्याच्या वेळी लागावी म्हणून इन्स्टॉलरची एक प्रत विंडोजच्या ‘इन्स्टॉलर’ फोल्डरात दडवली जाते. हे सारे सी वर. ब्राउझ बटण दाबून बदलतो तो फक्त पहिला पत्ता.

जागा अपुरी असल्याचा संदेश बहुधा तात्पुरत्या फाइलींमुळे येतो. डाउनलोड केलेली फाइल दाबून बांधलेल्या गठ्ठ्याच्या रूपात असते. इन्स्टॉलर आधी ती ‘टेम्प’ फोल्डरात उलगडतो आणि मग ठरलेल्या जागी नेतो. हे ‘टेम्प’ सी वर असते. तेव्हा डी वर ४०० जीबी मोकळी असली तरी सी वर दोन-तीन जीबी नसतील तर काम अडते. विंडोजच्या ‘एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स’मध्ये ‘टेम्प’ आणि ‘टीएमपी’ या दोन्हींचा पत्ता बदलता येतो. पण सी वरचा कचरा काढणे त्याहून सोपे आणि एरवीही आवश्यक.

एरर १३२७ ची गोष्ट अधिक चकवणारी आहे. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप अशा खास फोल्डरांचे पत्ते रजिस्ट्रीत लिहिलेले असतात. कोणी तरी पूर्वी डॉक्युमेंट्स फोल्डर ई वर हलवलेले असते, पुढे ती डिस्क काढली जाते किंवा तिचे अक्षर बदलते. नव्या सॉफ्टवेअरचा ई शी काही संबंध नसला तरी विंडोज इन्स्टॉलर हे सगळे पत्ते तपासतो, ई सापडत नाही म्हणून ड्राइव्ह चुकीचा असल्याचे सांगतो आणि थांबतो. दोष निवडलेल्या डी चा नसतो. संदेशात कोणते अक्षर आले आहे ते नीट वाचावे आणि ज्या फोल्डरचा पत्ता तिकडे गेला आहे तो परत योग्य जागी आणावा.

गाळ्यात पुढच्या काउंटरवर एक आणि माडीवर दुसरा संगणक असेल तर याच त्रासाचा आणखी एक प्रकार भेटतो. वरच्या संगणकाचे फोल्डर खालच्यावर झेड या अक्षराने जोडलेले असते आणि ते रोज उघडते. इन्स्टॉलर मात्र झेड नसल्याचे सांगतो. इन्स्टॉलर प्रशासकाच्या अधिकाराने चालतो आणि साध्या अधिकाराने जोडलेली नेटवर्कवरची अक्षरे त्याला मुळात दिसत नाहीत. विंडोज व्हिस्टापासून ही विभागणी आहे. नेटवर्कवरच्या फोल्डरात हिशेब ठेवणे ठीक, पण सॉफ्टवेअर ज्या यंत्रावर चालवायचे त्याच्याच डिस्कवर टाकलेले बरे.

परवानगी नाकारली जाण्याचे मुख्य कारण मालकीचे. डी ही दुसऱ्या संगणकातून काढलेली डिस्क असेल तर तिच्यावरच्या फोल्डरांची मालकी अजून जुन्या विंडोजच्या वापरकर्त्याकडे असते. नाव तेच दिसले तरी विंडोज नावाने नव्हे तर आतल्या ओळखक्रमांकाने माणूस ओळखते. अशा वेळी फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’मध्ये जाऊन मालकी घ्यावी लागते. कधी अडचण परवानगीची नसून डिस्कच्या मांडणीची असते. पेनड्राइव्ह किंवा बाहेरून जोडलेली डिस्क एफएटी-३२ पद्धतीची असेल तर तिच्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही आणि परवानग्यांची सोयच नसते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अॅप डी वर ठेवता येतात, ‘स्टोरेज’च्या सेटिंगमध्ये तशी तरतूद आहे, पण त्यासाठी तो ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा असावा लागतो.

काही सॉफ्टवेअरपुढे उपाय नाही. क्रोम जागा विचारत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या सध्याच्या आवृत्त्या विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तिथेच बसतात. मराठी लिहिण्यासाठीची पुण्यातच घडलेली साधने, म्हणजे मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम, कुठेही टाकली तरी फॉन्ट बहुधा सी वरच्या विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरातच जातात, कारण इतर सगळे प्रोग्राम ते तिथेच शोधतात.

उलट बाजूचीही एक गंमत आहे. सी वर टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइली कधी न विचारता डी वर येऊन पडतात. जागा स्पष्ट सांगितली नसेल तर विंडोज इन्स्टॉलर लिहिता येण्याजोग्या ड्राइव्हपैकी सर्वात जास्त मोकळी जागा असलेला निवडतो. व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या २००८ च्या पूरक पॅकेजमुळे असंख्य संगणकांच्या डी वर कराराच्या मजकुराच्या आणि इन्स्टॉलच्या फाइली उघड्यावर पडल्या आणि लोकांना व्हायरस आल्याची शंका आली. त्या केवळ आवरायच्या राहिलेल्या तात्पुरत्या फाइली होत्या.

सी फॉरमॅट केला तरी डी वरचे सॉफ्टवेअर शिल्लक राहील, ही आशा मात्र साफ खोटी ठरते. फाइली राहतात, रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि पूरक पॅकेजे जातात. आयकॉनवर क्लिक केले की अमुक डीएलएल सापडत नाही असा संदेश येतो. एकाच फोल्डरात सर्व काही बाळगणारे छोटे ‘पोर्टेबल’ प्रोग्राम तेवढे चालतात. बाकी सगळे पुन्हा टाकावे लागते. त्याचप्रमाणे टाकलेले सॉफ्टवेअर कापून डी वर चिकटवणे हाही मार्ग नव्हे. ते रीतसर काढून नव्या जागी पुन्हा टाकावे. ‘प्रोग्राम फाइल्स’चा पत्ताच रजिस्ट्रीत बदलून टाकण्याची युक्ती सांगणारे बरेच भेटतात. तिला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही आणि पुढच्या अपडेटला ती कशी उलटेल ते सांगता येत नाही.

तरीही एका जातीच्या सॉफ्टवेअरसाठी डी खरोखर सोयीचा ठरतो. हिशेबाचे किंवा पट्ट्यांचे जुने सॉफ्टवेअर आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात लिहिते. व्हिस्टापासून ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिण्याची मुभा नाही. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचे लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या फोल्डरात वळवते. आता सकाळी नेहमीसारखे उघडून केलेल्या नोंदी एका प्रतीत जातात, आणि दुपारी कोणी तोच प्रोग्राम प्रशासकाच्या अधिकाराने उघडला तर त्याला मूळ फाइल दिसते, सकाळच्या नोंदींविना. एकाच गाळ्याच्या दोन वह्या तयार होतात आणि कोणीही लबाडी केलेली नसते. हेच सॉफ्टवेअर डी वरच्या साध्या फोल्डरात टाकले की ही वळवावळवी होत नाही. त्याची किंमत अशी की तिथे प्रोग्रामच्या फाइलींना संरक्षणही नसते. संगणकावर बसणारा कोणीही किंवा एखादा व्हायरस त्या बदलू शकतो. म्हणून ही सवलत जुन्या सॉफ्टवेअरपुरतीच ठेवावी.

नव्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हलवायचा तो डेटा. टॅलीप्राइम प्रोग्राम आणि डेटा वेगळे ठेवते. प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये आणि डेटा सी वरच्याच ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात जातो. ‘एफ १’ दाबून सेटिंगमधल्या ‘डेटा कॉन्फिगरेशन’मध्ये हा दुसरा पत्ता डी वरचा देता येतो. आधी बॅकअप घ्यावा, टॅली बंद करावी, कंपनीचे आकड्यांच्या नावाचे फोल्डर नव्या जागी कॉपी करावे, आणि तिथून कंपनी उघडून शेवटची नोंद ताडून पाहिल्याशिवाय जुनी प्रत पुसू नये. प्रोग्राम सी च्या एसएसडीवर असल्याने वेग राहतो: साधी साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० एमबी वाचते, फिरती हार्डडिस्क साधारण १०० ते २००.

डेटा डी वर गेला म्हणजे सुरक्षित झाला असे नाही. सी आणि डी एकाच डिस्कचे भाग असतील तर डिस्क गेली की दोन्ही जातात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि स्वस्त हार्डडिस्क तितकी टिकेलच असे नाही. यंत्राबाहेर, शक्यतो गाळ्याबाहेर, एक प्रत हवीच.

राहिला प्रश्न सी वरच्या जागेचा. विंडोज अद्ययावत केल्यानंतर राहिलेले ‘विंडोज ओल्ड’ फोल्डर कित्येक जीबी अडवते. एरवी ते दहा दिवसांनी आपोआप जाते. हायबरनेशन वापरात नसेल तर ते बंद करून रॅमच्या प्रमाणात वाढणारी एक मोठी फाइल काढता येते. डाउनलोड्स फोल्डर आणि रिसायकल बिन यांची झडती बहुधा सर्वाधिक फळ देते. विंडोजचे ‘इन्स्टॉलर’ फोल्डर मात्र कितीही फुगलेले दिसले तरी हाताने रिकामे करू नये. नाही तर पुढे सॉफ्टवेअर ना दुरुस्त होते, ना काढता येते. डी आकसून सी वाढवण्याचा बेत अनेकदा फसतो, कारण विंडोजचे ‘डिस्क मॅनेजमेंट’ सी ला लागून उजवीकडे असलेलीच मोकळी जागा जोडू शकते. डी आकसला की जागा त्याच्या शेवटी मोकळी होते, सी च्या शेजारी नव्हे. शिवाय दोघांच्या मध्ये बऱ्याचदा विंडोजचे रिकव्हरी पार्टिशन बसलेले असते. जुन्या संगणकात सी म्हणून १२० जीबीची एसएसडी असेल तर तिची हुबेहूब प्रत ५०० जीबीच्या एसएसडीवर करून डिस्कच बदलणे हा सर्वात कमी कटकटीचा मार्ग. विंडोज, टॅली, फॉन्ट, प्रिंटर सगळे जागच्या जागी राहते आणि काहीही नव्याने टाकावे लागत नाही.